दीर्घस्थायी कार्बनी प्रदूषकांचे आंतरराष्ट्रीय संनियंत्रण

दीर्घस्थायी कार्बनी प्रदूषकांचे आंतरराष्ट्रीय संनियंत्रण : काही विषारी कार्बनी संयुगे वर्षानुवर्षे विघटन न होता परिसरात टिकून राहतात, सजीवांच्या शरीरात साठतात आणि उगमस्थानापासून हजारो किमी. दूर जाऊन पोहोचतात. अशा संयुगांचे हवा, पाणी, वन्य प्राणी व मानवी शरीर यांतील प्रमाण अनेक राष्ट्रांनी मिळून ठराविक काळाने व ठराविक पद्धतीने मोजत राहणे यास त्यांचे आंतरराष्ट्रीय संनियंत्रण म्हणतात. या संयुगांवर बंदी घातली, तरी आधी वापरलेला साठा माती, गाळ व सागर यांत अनेक दशके शिल्लक राहतो. त्यामुळे बंदीचा उपयोग झाला की नाही हे कायद्याच्या मसुद्यावरून अगर कारखाने बंद झाल्यावरून कळत नाही. ते प्रत्यक्ष मापनानेच ठरवावे लागते. स्टॉकहोम करारान्वये (२००१) उभारलेल्या जागतिक संनियंत्रण योजनेत याकरिता प्रामुख्याने दोन माध्यमे निवडली आहेत : एक वातावरणातील हवा व दुसरे मातेचे दूध (किंवा मानवी रक्त).

स्वरूप व गुणधर्म : या वर्गातील बहुतेक संयुगांत क्लोरीन, ब्रोमीन किंवा फ्ल्युओरीन या हॅलोजन मूलद्रव्यांचे अणू कार्बन अणूंशी बळकट बंधांनी जोडलेले असतात. सूर्यप्रकाश, पाणी व सूक्ष्मजंतू यांच्या क्रियेस ते बंध दाद देत नाहीत. वापराच्या दृष्टीने या संयुगांचे तीन गट पडतात : (१) डीडीटी, आल्ड्रिन, डायएल्ड्रिन, एंड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर, लिंडेन, एंडोसल्फान यांसारखी कीटकनाशके, (२) रोहित्रांतील (ट्रान्स्फॉर्मरमधील) तेलात वापरली जाणारी पॉलिक्लोरिनेटेड बायफिनिले (पीसीबी), आगप्रतिबंधक ब्रोमीनयुक्त संयुगे आणि डाग व पाणी धरू न देणारी फ्ल्युओरीनयुक्त संयुगे यांसारखी औद्योगिक रसायने, (३) कोणी मुद्दाम तयार न करताही कचरा जाळताना, धातू वितळविताना व काही रासायनिक प्रक्रियांत उपफल म्हणून निर्माण होणारी डायॉक्सिने व फ्युराने.

एखादे संयुग या वर्गात मोडते की नाही हे ठरविण्याच्या कसोट्या करारात दिल्या आहेत. त्यांनुसार संयुगाचे अर्धायुष्य (मूळ प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) पाण्यात दोन महिन्यांपेक्षा किंवा माती वा गाळात सहा महिन्यांपेक्षा जास्त असावे लागते. जलचरांच्या शरीरातील त्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्यातील प्रमाणाच्या ५,००० पटींहून अधिक व्हावे लागते. आणि हवेतून दूर जाणाऱ्या संयुगाचे हवेतील अर्धायुष्य दोन दिवसांपेक्षा जास्त असावे लागते. टिकाऊपणा व साठण्याची प्रवृत्ती यांचे इतरही पुरावे ग्राह्य धरले जातात. यांशिवाय त्याच्या अपायकारकतेचा पुरावाही लागतो. या संयुगांमुळे हॉर्मोनांचे कार्य, प्रतिकारशक्ती व बालकांच्या तंत्रिका तंत्राची (मज्जासंस्थेची) वाढ यांत बिघाड होऊ शकतो. सर्वांत विषारी असे जे डायॉक्सिन, ते माणसात कर्करोग निर्माण करते असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये दिला. जपानमध्ये १९६८ साली भाताच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी मिसळली जाऊन मोठ्या प्रमाणावर विषबाधा झाली, तर इटलीतील सेव्हेझो येथे १० जुलै १९७६ रोजी रासायनिक कारखान्यातील अपघातामुळे डायॉक्सिन आसमंतात पसरले. मात्र अशा दुर्घटना अपवादात्मक होत. संनियंत्रणाचा मुख्य विषय म्हणजे सर्वसाधारण माणसाच्या शरीरात अन्नावाटे नकळत, थोडे थोडे साठत जाणारे विष हा होय.

प्रसार व संचय : उष्ण प्रदेशांत या संयुगांचे काहीसे बाष्पीभवन होते. ही वाफ वाऱ्याबरोबर वाहत जाऊन थंड प्रदेशात पुन्हा जमिनीवर किंवा पाण्यावर उतरते. ऋतुमानाप्रमाणे ही क्रिया पुनःपुन्हा होते व संयुगे टप्प्याटप्प्याने ध्रुवांकडे सरकतात. यास जागतिक ऊर्ध्वपातन असे म्हणतात. पाण्यात उतरलेली संयुगे प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांत) शिरतात. त्यांतील बहुतेक पाण्यात फारशी विरघळत नाहीत. पण वसेत (स्निग्ध पदार्थांत) सहज विरघळतात. म्हणून प्लवकांपासून लहान मासे, लहान माशांपासून मोठे मासे, त्यांपासून सील व सीलपासून ध्रुवीय अस्वल असे अन्नसाखळीत वर जावे तसे त्यांचे प्रमाण वाढत जाते. या साखळीच्या अगदी टोकाला मनुष्य आणि त्याच्याही पुढे मातेच्या दुधावर वाढणारे अर्भक येते.

ऐतिहासिक आढावा : पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुणधर्म शोधून काढला व या कार्याबद्दल त्यांना १९४८ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, वॉशिंग्टनमधील स्त्रियांच्या दुधात डीडीटी आढळल्याचे प्रसिद्ध झाले. कोणताही थेट संबंध न आलेल्या माणसांच्या शरीरातही हे द्रव्य पोहोचले असल्याचा हा पुरावा होता. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये शोधलेल्या इलेक्ट्रॉन-ग्रहण अभिज्ञातकामुळे हॅलोजनयुक्त संयुगांची अत्यल्प मात्राही ओळखता येऊ लागली व या विषयातील संशोधनाला वेग आला. रेचेल कार्सन यांच्या सायलेंट स्प्रिंग (१९६२) या ग्रंथाने कीटकनाशकांचा प्रश्न सामान्य वाचकांपर्यंत नेला.

स्वीडनमध्ये सरेन येन्सन हे प्राण्यांच्या ऊतकांत (पेशीसमूहांत) डीडीटीचे मापन करीत असताना त्यांना आलेखावर काही अनोळखी शिखरे वारंवार दिसली. ती पीसीबींची असल्याचे त्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. कीटकनाशक म्हणून कधीही न फवारलेले, केवळ यंत्रसामग्रीत वापरलेले हे द्रव्य मासे व गरुड यांच्या शरीरात सापडले होते. इंग्लंडमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये संग्राहकांनी जपून ठेवलेली बहिरी ससाण्याची जुनी अंडी तपासली, तेव्हा डीडीटीचा प्रसार झाल्यापासून अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे दिसून आले. जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांवरून भूतकाळातील प्रदूषण उलगडता येते, हा या कामातून मिळालेला महत्त्वाचा धडा होय. स्वीडनमध्ये बाल्टिक समुद्रातील पक्ष्यांची अंडी व मातांचे दूध यांचे नमुने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पद्धतशीरपणे साठविले जात आहेत.

कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागात राहणाऱ्या इन्यूट स्त्रियांच्या दुधाची तपासणी एरिक देवायी व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात केली. औद्योगिक प्रदूषणापासून मुक्त अशा स्त्रियांचे दूध तुलनेसाठी मिळावे, हा त्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात या दुधातील पीसीबींचे प्रमाण त्याच प्रांताच्या दक्षिणेकडील शहरी स्त्रियांच्या दुधातील प्रमाणाच्या सुमारे पाचपट भरले. सील, देवमासा इ. सागरी प्राण्यांची चरबी हे इन्यूट लोकांचे पारंपरिक अन्न असल्याने दूरच्या देशांत वापरलेली द्रव्ये त्यांच्या शरीरात साठली होती. ज्यांनी ही द्रव्ये निर्माण केली नाहीत व ज्यांना त्यांचा काही लाभ झाला नाही, त्यांच्याच मुलांच्या वाट्याला ती सर्वाधिक आली. या निष्कर्षामुळे हा प्रश्न एका देशाच्या कायद्याने सुटणारा नाही, हे स्पष्ट झाले. उत्तर ध्रुवीय प्रदेशातील संनियंत्रणाचा स्वतंत्र कार्यक्रम १९९१ मध्ये आठ राष्ट्रांनी सुरू केला. पुढे कराराच्या वाटाघाटींच्या वेळी इन्यूट प्रतिनिधींनी माता व बालक यांचे एक दगडी शिल्प संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमास भेट दिले. करारनाम्याच्या प्रास्ताविकातही उत्तर ध्रुवीय प्रदेशातील मूळ रहिवाशांना असलेल्या विशेष धोक्याचा उल्लेख आहे.

स्टॉकहोम करार व जागतिक योजना : हा करार २२ मे २००१ रोजी संमत झाला व १७ मे २००४ रोजी अंमलात आला. आरंभी त्यात बारा संयुगांचा किंवा संयुगसमूहांचा समावेश होता. २००९ मध्ये आणखी नऊ, २०११ मध्ये एंडोसल्फान व त्यानंतर इतर संयुगे समाविष्ट होत गेल्याने ही संख्या तिसाहून पुढे गेली आहे. कराराच्या सोळाव्या अनुच्छेदानुसार, करार अंमलात आल्यापासून चार वर्षांनी व त्यानंतर ठराविक अवधीने त्याच्या परिणामकारकतेचे मूल्यमापन करणे बंधनकारक आहे. असे मूल्यमापन तुलनायोग्य आकडेवारीवाचून अशक्य असल्याने जागतिक संनियंत्रण योजना आखण्यात आली. तिला सहभागी राष्ट्रांच्या २००७ मधील डकार (सेनेगल) येथील परिषदेत मान्यता मिळाली. योजनेसाठी जगाचे आफ्रिका, आशिया-पॅसिफिक, मध्य व पूर्व यूरोप, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन आणि पश्चिम यूरोप व इतर राष्ट्रे असे पाच विभाग पाडले आहेत. विभागीय अहवालांची पहिली मालिका २००९ च्या परिषदेपुढे आली. फ्ल्युओरीनयुक्त पीएफओएस हे संयुग वसेत न साठता रक्त व यकृत यांतील प्रथिनांना चिकटते व पाण्यातून वाहते. म्हणून त्याच्या वर्गातील संयुगांसाठी पृष्ठजल हे आणखी एक माध्यम योजनेत घेण्यात आले.

हवेचे मापन : हवा हे माध्यम निवडण्याचे कारण असे की, उत्सर्जनात घट झाल्यास ती हवेत तुलनेने लवकर दिसून येते. नमुने घेण्याच्या दोन पद्धती आहेत. सक्रिय पद्धतीत पंपाच्या साहाय्याने मोजून घेतलेली हवा गाळणीतून व शोषक द्रव्यातून ओढली जाते. ही पद्धत अचूक आहे. परंतु तिला वीज, यंत्रसामग्री व प्रशिक्षित माणसे लागतात. कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील अ‍ॅलर्ट आणि स्वालबार (नॉर्वे) बेटांवरील झेपेलिन या केंद्रांवर १९९० च्या दशकाच्या आरंभापासून अशी निरीक्षणे चालू आहेत. निष्क्रिय पद्धतीत दोन धातूच्या वाडग्यांच्या आडोशाला पॉलियुरेथेन स्पंजाची चकती टांगून ठेवतात. तीवरून वाहणाऱ्या हवेतील संयुगे चकतीत शोषली जातात व साधारणतः तीन महिन्यांनी ती काढून प्रयोगशाळेत पाठवितात. या साधनास वीज लागत नाही व ते स्वस्त असल्याने विकसनशील देशांतही वापरता येते. कॅनडाच्या पुढाकाराने २००४ च्या अखेरीस सातही खंडांवर अशा चकत्यांचे जाळे उभारण्यात आले, तर चेक प्रजासत्ताकातील बर्नो येथील मासारिक विद्यापीठाने मध्य व पूर्व यूरोप, आफ्रिका इ. प्रदेशांत असेच जाळे विणले. योजनेतील सर्व आकडेवारीचे भांडारही याच विद्यापीठात आहे.

मानवी दुधाचे मापन : मनुष्याच्या शरीरातील साठा मोजण्यासाठी चरबीचा तुकडा काढणे कष्टप्रद असते. दुधात स्वाभाविकपणेच वसा असते व ते कोणतीही इजा न करता मिळते. शिवाय त्यावरून मातेच्या शरीरातील अनेक वर्षांचा संचय आणि बालकाला मिळणारी मात्रा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळतात. जागतिक आरोग्य संघटनेने दुधाची पहिली आंतरराष्ट्रीय पाहणी १९८७-८८ मध्ये, दुसरी १९९२-९३ मध्ये व तिसरी २०००-०३ मध्ये केली. पुढील पाहण्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या सहकार्याने झाल्या.

देशादेशांतील आकड्यांची तुलना करता यावी म्हणून दात्या मातांची निवड कडक नियमांनी होते. स्तनपानाबरोबर मातेच्या शरीरातील साठा कमी होत जातो. म्हणून केवळ पहिलटकरणींचेच दूध घेतात. साठा वयाबरोबर वाढतो. म्हणून माता तीस वर्षांच्या आतील असावी लागते. दूध प्रसूतीनंतर तीन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान घेतात. साधारणतः ५० मातांच्या दुधाचे समान भाग एकत्र करून त्या देशाचा एक प्रातिनिधिक नमुना तयार करतात. यामुळे खर्च वाचतो व कोणत्याही एका मातेची ओळख उघड होत नाही. एकत्रित नमुने जर्मनीतील फ्रायबुर्क येथील संदर्भ प्रयोगशाळेत, तर फ्ल्युओरीनयुक्त संयुगांसाठी स्वीडनमधील अरेब्रू विद्यापीठात तपासले गेले आहेत.

विश्लेषण : नमुन्यातील वसा विद्रावकाने वेगळी काढून तीतून अपेक्षित संयुगे शुद्ध रूपात अलग केली जातात. वायुवर्णलेखनाने ती एकमेकांपासून वेगळी होतात व द्रव्यमान वर्णपटमापकाने त्यांची ओळख व प्रमाण ठरते. मोजावयाची मात्रा अतिशय सूक्ष्म असते. डायॉक्सिनांच्या बाबतीत ती पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमाच्या एक लक्ष कोटीव्या भागात व्यक्त करतात. उपकरणांतील वा विद्रावकांतील यत्किंचित अशुद्धीनेही निष्कर्ष चुकू शकतो. तसेच वेगवेगळ्या प्रयोगशाळांत एकाच नमुन्याचे आकडे भिन्न येऊ शकतात. म्हणून त्यांना सारखेच नमुने पाठवून परस्पर पडताळणी केली जाते. काळाच्या ओघात पद्धत बदलली, तर दिसणारी घट ही परिसरातील आहे की पद्धतीतील, हे ठरविणे अवघड जाते.

निष्कर्ष : बंदी घातलेल्या जुन्या संयुगांचे प्रमाण सर्वसाधारणपणे घटत असल्याचे दीर्घ मालिकांतून दिसून आले आहे. एचसीएच या कीटकनाशकाचे उदाहरण विशेष बोलके आहे. उत्तर ध्रुवीय हवेतील त्याचे प्रमाण दोन वेळा एकाएकी उतरले : पहिल्यांदा चीनने १९८३ मध्ये त्याचा वापर थांबविल्यावर व दुसऱ्यांदा १९९० च्या सुमारास भारत व सोव्हिएट संघ यांनी शेतीतील वापर आवरल्यावर. आशियातील शेतांत घडलेला बदल ध्रुवावरील निर्जन केंद्राने अशा प्रकारे नोंदविला. यूरोपात कचरा भट्ट्यांवर निर्बंध आल्यानंतर दुधातील डायॉक्सिनांचे प्रमाणही बरेच घटले.

याच मालिकांनी धोक्याच्या सूचनाही दिल्या. स्वीडनमधील साठविलेल्या दुधात १९७२ ते १९९७ या काळात डीडीटी व पीसीबी कमी होत गेली; परंतु पीबीडीई या आगप्रतिबंधक द्रव्यांचे प्रमाण दर पाच वर्षांनी सुमारे दुप्पट होत गेले. त्यांचा वापर थांबविल्यानंतर ते उतरू लागले. दूध साठवून ठेवले नसते, तर ही वाढ लक्षात येण्यास बराच उशीर झाला असता. वाढत्या तापमानामुळे बर्फ व समुद्रजल यांत अडकलेली काही संयुगे पुन्हा हवेत मिसळू लागल्याचे अ‍ॅलर्ट व झेपेलिन येथील नोंदींच्या आधारे २०११ मध्ये दाखविण्यात आले.

भारत : राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात (१९५३ पासून) डीडीटीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला व त्यामुळे असंख्य लोकांचे प्राण वाचले. त्याच्या उत्पादनासाठी १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा एक कारखाना महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे उभारण्यात आला. शेतकऱ्यांत बीएचसी भुकटी म्हणून परिचित असलेले एचसीएच हे दीर्घकाळ सर्वाधिक वापराचे कीटकनाशक होते. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये व बीएचसीचा वापर १९९७ मध्ये बंद करण्यात आला; रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी डीडीटीला मुभा राहिली. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. भारताने स्टॉकहोम करारास १३ जानेवारी २००६ रोजी अनुसमर्थन दिले. मुंबई व गोवा यांसह सात ठिकाणच्या हवेची तपासणी २००६-०७ मध्ये निष्क्रिय पद्धतीने करण्यात आली, तेव्हा तीत एचसीएच व डीडीटी आढळली. २००० ते २०१० या काळात ५२ देशांत घेतलेल्या दुधाच्या नमुन्यांत डायॉक्सिन वर्गाचे प्रमाण जास्त असलेल्या देशांमध्ये भारताचा समावेश होता.

मर्यादा व महत्त्व : संनियंत्रणाचे जाळे सर्वत्र सारखे नाही. दीर्घ मालिका मुख्यत्वे यूरोप, उत्तर अमेरिका व जपान येथे आहेत. याउलट, ज्या उष्ण प्रदेशांत कीटकनाशकांचा वापर उशिरापर्यंत चालला व जेथे उघड्यावर कचरा जाळला जातो, तेथे निरीक्षणे तुरळक आहेत. एका देशाचा एकच एकत्रित नमुना त्या देशातील खेडी, शहरे व औद्योगिक वसाहती यांतील फरक दाखवू शकत नाही. नमुन्यांमधील अंतर अनेक वर्षांचे असेल, तर प्रमाण वाढते आहे की घटते आहे, हे खात्रीने सांगता येत नाही. यादीतील संयुगांची संख्या वाढत असली, तरी त्या प्रमाणात प्रयोगशाळा वाढलेल्या नाहीत.

दुधात ही संयुगे आढळतात म्हणून स्तनपान टाळावे, असा निष्कर्ष मात्र यावरून निघत नाही. मातेच्या दुधामुळे होणारे पोषण व रोगांपासून मिळणारे संरक्षण यांचा लाभ या संयुगांपासून संभवणाऱ्या अपायापेक्षा अधिक आहे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका असून बालकाला पहिले सहा महिने केवळ मातेचेच दूध द्यावे, अशी तिची शिफारस आहे. दुधाची तपासणी मातांना सावध करण्यासाठी नसून राष्ट्रांनी आपले कर्तव्य कितपत पार पाडले याची पारख करण्यासाठी आहे. प्रौढ व्यक्ती आपल्या आहारात थोडाफार बदल करू शकते. परंतु शरीरात अनेक वर्षे साठलेले द्रव्य त्यामुळे लवकर कमी होत नाही. ते उगमाशीच थांबवावे लागते. पीसीबीयुक्त टाकाऊ तेले व उपकरणे यांची सुरक्षित विल्हेवाट २०२८ पर्यंत लावण्याचे उद्दिष्ट करारात आहे. ते कितपत साध्य झाले याचा निवाडाही अखेर हवा व दूध यांच्या पुढील नमुन्यांवरूनच होईल.